हर्सूलचे घर आणि पाच अँपियरचा फ्यूज

मी, मुंजाबा कडुबा सोरमारे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा पूर्वी कारखान्यात कॉइल वाइंडर व हल्ली घरीच पॉवर सप्लाय बनवणे, मूळ राहणार पिशोर, तालुका कन्नड, हल्ली मुक्काम हर्सूल, छत्रपती संभाजीनगर, हा मजकूर माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही, कोणी फूस लावलेली नाही. डोके जागेवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघे जागेवर नाहीत, पण वकीलसाहेब म्हणाले की कायद्याला गुडघ्यांची गरज नसते. वकीलसाहेबांनी मला एक छापील नमुनाही दिला होता. त्यात एकेका कलमाला तीन ओळींची जागा होती. तेवढ्यात माझे काहीच मावत नव्हते, म्हणून कोरे कागद घेतले आहेत.

कलम एक. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझा चुलतभाऊ अप्पाराव गावात सांगत फिरतो की मुंजाबाने सगळे मुलाच्या, म्हणजे रामप्रसादच्या नावावर करून ठेवले आहे. तसा कागद कोणी पुढे आणला तर तो खोटा समजावा आणि आणणाऱ्याला चहा न देता परत पाठवावे.

कलम दोन. पिशोरची जमीन माझी कमाई नाही, वडिलोपार्जित आहे. तिच्यातला माझा हिस्सा रामप्रसादला जावा. बांधावरचे लिंबाचे झाड तोडू नये. ही विनंती आहे, अट नाही.

वडिलांचा विषय निघालाच आहे तर लिहितो. माझे वडील कडुबा मेंढरे राखत. मेंढ्यांच्या गळ्यात बांधायच्या घंटा बाजारातून घेताना ते एकेक घंटा कानाशी धरून वाजवत. दोन घंटांचा आवाज एकमेकांत मिसळायला नको, म्हणजे मान वर न करता कळते की कोण कुठे चरते आहे. दुकानदार वैतागायचे. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरे गेली, काही विकली, काही चाऱ्यावाचून बसली ती उठली नाहीत. मी खडी फोडली, मग शहरात आलो आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत ट्रान्सफॉर्मरची तार गुंडाळायला लागलो. तिथे पहिल्याच आठवड्यात मला कळले की तारेचा एखादा वेढा ढिला राहिला तर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि ते मला इतरांच्या आधी ऐकू येते. वडिलांची मेंढरे मला मिळाली नाहीत, कान मिळाला. तो कोणाच्या नावावर करता येत नाही, म्हणून ही नुसती नोंद.

कलम तीन. हर्सूल येथील राहते घर, खालची कामाची खोली, वरच्या दोन खोल्या, गच्ची व गच्चीवरच्या टाक्या, ही सर्व मिळकत माझ्या स्वकष्टाची आहे. प्लॉट घेतला तेव्हा इथे तलाव, तुरुंगाची भिंत आणि बाभळी, एवढाच शेजार होता. बायको चंपाबाई म्हणाली होती की तुम्ही आपणहून तुरुंगाशेजारी आलात, तुमच्यासारखे तुम्हीच. ती गेली तेव्हा भोवती बंगले झाले होते, आता इमारती झाल्या आहेत. बिल्डरांची पोरे फोन करतात. ती मला काका म्हणतात, मी त्यांना नको म्हणतो.

हे घर मी दिपाली हिला देत आहे. पूर्ण मालकीने, कायमचे. ती इथे राहो, भाड्याने देवो, विको, तिची मर्जी.

दिपाली माझी कोण लागते, हे इथे लिहावे लागते. नमुन्यात नाते असा रकानाच आहे. ती रामप्रसादची बायको म्हणून या घरात आली. रामप्रसादने पुढे पुण्यात दुसरे घर केले. कोर्टाने फारकत मंजूर केली. त्यानंतर अप्पारावने माझ्या ओट्यावर बसून, माझाच चहा पीत विचारले की आता ही बाई तुझी कोण, आणि तू हिला कशापायी सांभाळतोस. दिपाली आत होती. तिने ते ऐकले. कोर्टाचा कागद आणायला ती दुसऱ्या दिवशी एकटीच गेली आणि परत आल्यावर चपला न काढता पायरीवर उभी राहिली.

"मामा," ती म्हणाली, "आता मी इथं कशाच्या नात्यानं ऱ्हाऊ?"

माझ्यापुढे एक कॉइल अर्धी झालेली होती. मी म्हणालो, "आधी ही कॉइल पुरी कर. बाकीचं मंग बघू."

ती आत आली, हात धुतले आणि बसली. ते बाकीचे आम्ही दोघांनी अजूनपर्यंत बघितले नव्हते. आज बघतो. मी मुलगी असे लिहिणार होतो. वकीलसाहेब म्हणाले, तसे लिहिले तर उद्या घोळ होईल, पूर्वीची सून लिहा. म्हणून कायद्यासाठी: माझ्या मुलाची पूर्वीची पत्नी. माझ्यासाठी: मुलगी. दोन्ही ठिकाणी एकच व्यक्ती समजावी.

कलम चार. कामाच्या खोलीतले वाइंडिंग मशीन, सोल्डरिंगचे सामान, मीटर, तांब्याच्या तारेची रिळे, वार्निशचे डबे आणि चालू धंदा दिपालीला जावा.

हा धंदा काय आहे हे न्यायाधीशांनाही कळावे म्हणून सांगतो. हल्ली लोक घरी गाणी ऐकायला चांगली चांगली यंत्रे आणतात, आणि त्यांना वीज पाजतात ती यंत्रासोबत आलेल्या चिमुकल्या अडॅप्टरमधून. त्या अडॅप्टरबद्दल मला राग नाही. फोन चार्ज करायला तो उत्तम. पण त्याच्या पोटात सतत चालू-बंद, चालू-बंद चाललेले असते, आणि ती कुरकुर तारेतून गाण्यात उतरते. माणसाला वाटते, गाणाऱ्याचा गळाच बसला आहे. आम्ही बनवतो तो लिनिअर पॉवर सप्लाय. तो जड असतो, थोडा तापतो आणि गप्प राहतो. आत ट्रान्सफॉर्मर, मग मोठे कपॅसिटर, शेवटी व्होल्टेज एका जागी धरून ठेवणारा रेग्युलेटर. कपॅसिटर म्हणजे काय, असे दिपालीची मुलगी, माझी नात ज्ञानेश्वरी हिने विचारले तेव्हा मी तिला गच्चीवर नेले आणि म्हणालो: नळाला पाणी येते कधी तरी, तेही धपापत, गाळ घेऊन. तरी तुझ्या मोरीतली धार एकसारखी का? कारण मधे टाकी आहे. एवढेच. या शहरातल्या पोराला कपॅसिटर शिकवायला दुसरे काही लागत नाही.

बाहेरचे असे डबे महाग असतात. आमचे सामान्य माणसाला परवडतात, याला कारण दुष्काळच. दोन हजार तेराच्या आणि सोळाच्या उन्हाळ्यात बोअर आटले, घरोघरच्या मोटारी गंजत पडल्या. त्याच सुमारास वस्ती वाढली म्हणून नवे सबस्टेशन झाले आणि व्होल्टेज सुधारले. मोटारींना कमी-जास्त व्होल्टेजपासून जपणाऱ्या जुन्या स्टॅबिलायझरांचे कोणाला काम उरले नाही, त्यांचे ढीग भंगारात आले. आतला लोखंडी गाभा चांगला, तांबेही चांगले. मी आणि माझा दोस्त शौकत ते हातगाडीवर घालून आणत असू. लोक टँकरमागे धावत होते आणि आम्ही दोन म्हातारे भंगारामागे. एका दुष्काळाने घरातले नेले, दुसऱ्याने आणून टाकले. फिटंफाट झाली असे मी म्हणणार नाही. वडिलांना ते पटणार नाही.

दुकानाच्या पाटीवर माझे नाव आहे ते काढून दिपालीने स्वतःचे लावावे. मी तार ताणून धरतो, ती हात सैल ठेवून सोडत जाते, तरी तिचे वेढे घट्ट बसतात. मी पुष्कळदा बघितले, मला जमले नाही. डबा बंद केल्यावर ती स्क्रूच्या डोक्यावर नेलपॉलिशचा एक थेंब लावते. गिऱ्हाइकाने डबा उघडून हात घातला की तो थेंब तडकतो आणि मग त्याची वॉरंटी गेली. त्या बाबतीत ती कोणाचे ऐकत नाही. एका प्राध्यापकांना तिने भर उन्हात परत पाठवले होते.

कलम पाच. माझा दोस्त शौकत, शहागंजात ज्याचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते, त्याला गाणी ऐकायच्या खोलीतली वेताची खुर्ची बसायला द्यावी, पण ती या घरातून हलवू नये. म्हणजे खुर्ची घराची, बसायचा हक्क त्याचा. मी बनवलेला पहिला सप्लाय मोठ्या तोऱ्यात त्याच्याकडे नेला होता. त्याने डोळे मिटून ऐकले आणि म्हणाला, "तार में मेहनत है मुंजाबा, सुकून नहीं." मी घरी येऊन सगळी तार उलगडली. चंपाबाईने त्या दिवशी त्याला उद्देशून जे शब्द वापरले ते या कागदात घालता येत नाहीत. पुढे तिनेच नव्या डब्यावर रेडिओ ऐकला आणि मान डोलावून म्हणाली की आता कुणी खोलीत येऊन बसल्यासारखं वाटतंय. शौकतला उजव्या कानाने कमी ऐकू येते, म्हणून खुर्ची तिरकी ठेवलेली आहे. ती कोणी सरळ करू नये. शुक्रवारी नमाज झाल्यावर त्याला येऊ द्यावे, चहात साखर घालू नये, तो मागेल तरी.

कलम सहा. रामप्रसादला जमिनीशिवाय आणखी एक वस्तू आहे. कपाटाच्या वरच्या फळीवर निळ्या कापडात बांधलेला डबा त्याचा. मी एकदाच त्याच्या पुण्याच्या घरी गेलो होतो. त्याने कौतुकाने नवे स्पीकर लावून दाखवले. मागे घरघर होती. त्याला ती ऐकू येत नव्हती आणि मी बोललो नाही, कारण आधीच आमच्यात बोलायचे पुष्कळ साचले होते. परत आलो आणि त्याच्या यंत्राला बसेल असा डबा केला. बाळा, हे घर तुला दिले नाही म्हणून तू कोर्टात जाशील असे लोक म्हणतात. मला तसे वाटत नाही. तू वाईट नाहीस, कच्चा आहेस. तुझ्यावरची माया आटलेली नाही, पण मायेपोटी दुसऱ्याच्या डोक्यावरचे छप्पर काढून देता येत नाही. डबा लाव. लाल तार प्लसची.

कलम सात. अप्पारावला एक प्लास्टिकचा अडॅप्टर द्यावा, जो सतत कुरकुरतो. कोणताही चालेल.

कलम आठ. बँकेत जे काही आहे ते ज्ञानेश्वरीच्या शिक्षणाला लावावे. ती सज्ञान होईपर्यंत तिच्या आईने ते बघावे. नातीला माझी गाणी आवडत नाहीत, ती फोनवर भलतेच ऐकते, तेही अडॅप्टर लावून. असू दे. कान उघडायचा तेव्हा उघडेल, नाही उघडला तरी पोर गुणाची आहे.

कलम नऊ. हे कलम वकीलसाहेबांनी काढून टाका म्हटले होते. मी ठेवले आहे.

बिडकीनचा हनुमान कचरू तांगडे हा आमचा गिऱ्हाईक. त्याची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली. आलेल्या रकमेतून इतरांनी गाड्या घेतल्या, याने पाण्याचे टँकर घेतले. स्वभावाने अबोल. बायको वारून बरीच वर्षे झाली. गाण्याचा नाद आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने आमच्याकडून एक डबा नेला आणि तेव्हापासून तो डबा सारखा बिघडतो आहे. इतरांचे डबे वर्षानुवर्षे चालतात. याचाच बंद पडतो, आणि तो बिडकीनहून एवढ्या लांब स्वतः घेऊन येतो. स्क्रूवरचा थेंब शाबूत असतो. मी तपासायचो, तर बाहेरून बसणारा फ्यूज ढिला केलेला. फ्यूज घट्ट केला की डबा चालू. मग चहा होतो. मग तो दिपालीला विचारतो की ढिला कशामुळे झाला असेल, आणि ती त्याला गंभीरपणे सांगते की टँकरचे धक्के बसत असतील. डबा टँकरमध्ये नसतो, घरी असतो, हे दोघांनाही ठाऊक आहे.

मागच्या दिवाळीनंतर त्याला वाटले असावे की ढिला फ्यूज फार झाला. त्याने जळका फ्यूज बसवून आणला. आता, या डब्यात एक अँपियरचा फ्यूज असतो. याने कुठल्याशा जुन्या स्टॅबिलायझरमधला काढून पाच अँपियरचा बसवला होता, तोही काळाठिक्कर पडलेला. पाच अँपियरचा फ्यूज जळेपर्यंत आमचा ट्रान्सफॉर्मर जिवंत राहूच शकत नाही, त्याच्या आधी धूर निघतो. आमच्या धंद्यात याला चोर पकडणे म्हणतात. मी काही बोलणार तेवढ्यात दिपालीने डबा माझ्या हातून घेतला. फ्यूज उजेडाकडे धरून बघितला. ती जिने प्राध्यापकांना उन्हात परत पाठवले, तिने तो फ्यूज मुकाट्याने ड्रॉवरमध्ये टाकला, नवा बसवला आणि म्हणाली, "व्हय, जळालाय. वापरा आता." हनुमानचे कान लाल झाले होते. मी गुडघा दुखतो म्हणून आत गेलो.

मी एकदाच विषय काढला. दिपाली भाकरी थापत होती. ती मान वर न करता म्हणाली, "लोक म्हंतील, सासऱ्याचं घर घेतलं आन् दुसरा दादला केला. आन् तुम्हाला कोन बघीन मामा?" बोलून ते सुटण्यासारखे नव्हते. कागदानेच सुटेल असे वाटले. हे मृत्युपत्र मुख्यतः त्यासाठी आहे. मला मरायची घाई नाही.

कलम दहा. कलम तीनमध्ये दिलेले घर दिपालीने पुन्हा लग्न केले तरी तिचेच, न केले तरी तिचेच. लग्नाचा आणि घराचा संबंध कोणी जोडू नये, तिनेही जोडू नये. लोकांच्या तोंडाला हात लावता येत नाही, पण कागदाला शिक्का लावता येतो. ज्ञानेश्वरी आईजवळ राहील. माझे विचाराल तर मी मेंढक्याचा पोरगा आहे, तीन दगड मिळाले की भाकर भाजून खातो.

माझ्या ऐकायच्या खोलीतला मोठा सप्लाय, जो मी कोणालाही विकला नाही, तो दिपालीच्या होणाऱ्या नवऱ्याला द्यावा. नाव मी लिहिलेले नाही. ते लिहिणारा मी कोण?

लग्नाबाबत सूचना. आमच्यात बाईचे दुसरे लग्न म्हणजे पाट लावतात, तोही अंधारात, चार माणसांत, वाजंत्रीशिवाय, जणू काही चोरीच आहे. माझ्या आत्याचा पाट असाच लागला. मी लहान होतो. सकाळी विचारले की आत्या कुठे आहे, तर आई म्हणाली, गेली. तेवढ्यावरून मला बरेच दिवस वाटत होते की आत्या मेली. दिपालीचे लग्न दिवसा, उन्हात, आमच्या अंगणात लागावे. स्पीकर बाहेर काढावेत. मी त्याआधी गेलो तर वर्षभर थांबू नये. माझे सुतक फिटले की लगेच मांडव घालावा. मी नसलो तर कन्यादानाला शौकत उभा राहील. त्याला विचारले आहे. तो म्हणाला, हमारी भी तो बेटी है.

कलम अकरा. या मृत्युपत्राची अंमलबजावणी शौकतने करावी. त्याला जमले नाही तर त्याची पत्नी बिल्किसभाभी यांनी करावी. खरे तर त्यांनीच केलेली बरी.

खाडाखोडीबाबत खुलासा. खाली साक्षीदार क्रमांक दोनच्या जागी एक नाव लिहून खोडलेले आहे. ते माझ्या समक्ष व माझ्या संमतीने खोडले आहे. उद्या कोणी संशय घेऊ नये म्हणून घडले तसे लिहून ठेवतो.

आज सकाळी वकीलसाहेब, शौकत आणि बिल्किसभाभी घरी आले. हनुमानही आला होता, डबा घेऊन. मीच त्याला दुसरा साक्षीदार म्हणून बसवले. त्याने आपले पूर्ण नाव लिहिले आणि सही करणार तोच वकीलसाहेबांनी त्याला थांबवले. ते म्हणाले, ज्याला या कागदातून काही मिळायचे आहे, किंवा ज्याच्या घरात ते जायचे आहे, अशा माणसाने साक्ष न केलेली बरी, पुढे कोर्टात कोणी बोट दाखवायला नको. शौकतची खुर्ची घराचीच राहते, म्हणून त्याचे चालेल. मग त्यांनी कलम दहा सर्वांसमोर वाचले. दिपाली चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने ते पहिल्यांदाच ऐकले. वाचून झाल्यावर वकीलसाहेबांनी सरळ विचारले, यांचा या कलमाशी संबंध येणार आहे का? नसेल तर नाव राहू द्या, येणार असेल तर खोडा.

मी म्हणालो, याचे उत्तर माझ्याकडे नाही. हनुमान हातातल्या पेनाकडे बघत राहिला. वकीलसाहेब माझ्याकडे बघत होते, म्हणून मी दिपालीकडे बघितले.

तिने ट्रे स्टुलावर ठेवला. माझ्याकडे बघितले. मग वकीलसाहेबांना म्हणाली, "खोडा त्यांचं नाव."

ते हनुमानने स्वतःच खोडले. रेघ सरळ आलेली नाही, ती तशीच ग्राह्य धरावी.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, आनंदाने सही करून दिले आहे.

लिहून देणार: मुंजाबा कडुबा सोरमारे (सही)

साक्षीदार:
१. शौकत अली रहमत अली, राहणार शहागंज (सही)
२. हनुमान कचरू तांगडे, राहणार बिडकीन (नाव खोडले)
२. बिल्किस शौकत अली, राहणार शहागंज (सही)

स्थळ: हर्सूल, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १७ मे २०२४